चिकहळ्ळीच्या उन्हाचा भाव

"चिकहळ्ळीला जाऊन काचा सोडवून आण," असं सरांनी होळीच्या आधी दोन दिवस सांगितलं, आणि मी "हो सर" म्हणाले. पण जावंसं वाटत नव्हतं. एकटीनं जायचं म्हणून थोडं, पण त्या काचा सोडवायच्या म्हणून जास्त.

आधी हे सांगायला हवं की मी सोलापुरातल्या एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत तात्पुरती साहाय्यक आहे. आमच्या घरात शाळेची पायरी चढणारी मी पहिलीच. आण्णा गिरणीत बॉयलरमध्ये कोळसा टाकायचं काम करतात, आईला अक्षरओळख नाही. त्यामुळे मी लिहिलेला आकडा घरात कोणी तपासू शकत नाही. म्हणून मी तो स्वतःच तीनदा तपासते. हा स्वभावच झालाय.

दुधनीच्या आसपास काही गावांत विहिरींचं पाणी खारं आहे. डाळ चुलीवर दोन तास ठेवली तरी दाणा तसाच राहतो. सरांनी ठरवलं की अशा पाण्यातून मीठ काढायचं झालं तर कोणतं इंधन स्वस्त पडतं ते तोलून पाहायचं. लाकूड, रॉकेल आणि ऊन. पहिली दोन सोपी. भट्टीवर पाणी उकळायचं, वाफ नळीतून नेऊन गार करायची, गोडं पाणी मोजायचं, आणि त्याला किती लाकूड किंवा रॉकेल गेलं ते लिहायचं. हे आम्ही प्रयोगशाळेतच केलं. उन्हासाठी मात्र चिकहळ्ळीच्या शाळेमागं सिमेंटची सहा उथळ टाकी बांधली. आतून काळी केलेली, वर काचेचं उतरतं छप्पर. सकाळी टाक्यात विहिरीचं पाणी ओतायचं. ऊन काचेतून आत जातं, पाण्याची वाफ होते, वाफ काचेला लागून थेंब धरते, आणि थेंब घरंगळत पन्हळीत येऊन नळीनं बाटलीत पडतात. मीठ खाली राहतं.

वर्षभराचे आकडे आले आणि ऊन सगळ्यांत महाग ठरलं. वाचणाऱ्याला विचित्र वाटेल, पण त्यात गूढ काही नाही. ऊन फुकट असतं. काच, सिमेंट, पत्रा फुकट नसतात. तो सगळा खर्च सुरुवातीलाच होतो आणि मग रोज जेवढं पाणी निघेल त्यावर वाटला जातो. पाणी कमी निघालं की एकेक लिटर महाग. आमचं पाणी फारच कमी निघालं होतं. सरांनी अहवालात लिहिलं की खाऱ्या गावांतल्या शाळांना रॉकेलची भट्टी द्यावी. अहवाल टाइप झाला होता. उन्हाची टाकी मोडून, काचा घेऊन मी परतले की तो जिल्ह्याच्या ऑफिसात जाणार होता. त्यातला प्रत्येक आकडा मी घातला होता, आणि आमच्या गल्लीत रॉकेलच्या रांगेत डबा धरून उभी असलेली आई मी रोज बघत होते. आकडे खरे असतील तर इलाज नाही. पण खरे आहेत ना?

निघताना आण्णा म्हणाले, "कोळसा किती गेला ते समदे सांगत्यात. राख किती निघाली ते बी बघून ये."

सोलापूरहून सकाळची पॅसेंजर घ्यावी. दुधनीचं तिकीट दोन रुपयांच्या आतबाहेर आहे, आणि होळीच्या सुमाराला डब्यात बसायला जागा मिळते. डाव्या बाजूची खिडकी धरू नका, तिकडून ऊन येतं. (मी धरली.) थर्मामीटर मी लोकरीच्या मोज्यात घालून मांडीवर घेतला होता. पिशवीत मोजपात्र, दोन लुगडी, आईनं दिलेली धपाटी, शाळेच्या मुख्याध्यापकांना सरांचं पत्र, आणि शरणप्पा मामांची वही.

शरणप्पा हे शाळेचे शिपाई. टाक्यांची राखण त्यांच्याकडे. सकाळी पाणी भरणं, संध्याकाळी बाटलीतलं पाणी मोजून वहीत लिहिणं, हे त्यांनी वर्षभर एकही दिवस न चुकवता केलं होतं. वार, तिथी, लिटर, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी "झा." असं एक अक्षर. झाले. मला ते फार आवडायचं. काम उरकल्यावर माणूस हात झटकतो तसं.

टिकेकरवाडी, होटगी, तिलाटी. होटगीला समोर एक बाई येऊन बसल्या, कडेला कोंबडीची दुरडी. दोन स्टेशनं त्यांनी मला न्याहाळलं.

"मास्तरीन हाईस व्हय गं?"

"नाही. पाण्याची तपासणी करायला चाललेय."

"पान्याची परिक्शा?" त्यांनी शेजारणीला कोपर मारलं. "आन् पानी नापास झालं मंजी?"

"तर यंत्र मोडायचं."

"अगं बया. नापास पानी आन् मार यंत्राला!" दोघी खदखदून हसल्या. मलाही हसू आलं, पण आत कुठंतरी टोचलं.

अक्कलकोट रोडला गाडी बराच वेळ थांबते. फलाटावर कागदात सुसला मिळतो, चिरमुऱ्यांचा, वर कांदा आणि लिंबू. तो घ्या. चहा मात्र दुधनीलाच घ्या, इथला नुसता गोड असतो. नागणसूरनंतर डब्यातलं बोलणं हळूहळू कानडीत वळलं. दोन्ही बाजूंना ज्वारीची काढणी चालू होती, मध्येच करडईचे पिवळे पट्टे. हा मुलूख कोरडा म्हणतात, पण त्या दिवशी त्याच्याकडे बघून कुणाला तसं वाटलं नसतं.

दुधनीहून चिकहळ्ळी चारेक मैल. एस.टी. दिवसातून एकदा, ती माझी चुकली होती. बाजाराचा दिवस असला तर संध्याकाळी परतणाऱ्या बैलगाड्या मिळतात. गाडीवानानं पैसे घेतले नाहीत, पण रस्ताभर विचारत राहिला की काळ्या टाक्यात पाणी तापवून ते गार का करायचं, आधीच गार होतं की. मी समजावलं. त्यानं मान डोलावली आणि परत तेच विचारलं.

शाळेजवळ शरणप्पा मामा उभेच होते. डोक्याला रुमाल, गुडघ्यापर्यंत धोतर. "बर्री, अक्का, बर्री. या, या. लई वाट बगितली." मी त्यांच्या मुलीच्या वयाची, पण गावात सगळे मला अक्काच म्हणतात. त्यांनी आधी टाकी दाखवली, घर नंतर. काचा अशा लख्ख होत्या की पहिल्या नजरेला त्या आहेत हेच कळत नव्हतं. वर्षभर धूळ, वारा, शाळेतली पोरं, आणि एकीलाही चरा नाही.

"रोज पुसतो," ते म्हणाले. "मऊ फडक्यानं."

काचा सोडवायच्या म्हणून मुख्याध्यापकांना लिहिलेलं पत्र माझ्या पिशवीत होतं. ते उद्या देईन, असं ठरवलं. शेवटची मोजणी तरी होऊ दे.

मुक्काम मामांच्या घरीच. गावात उतरायला दुसरी जागा नाही. पण कोणाच्या घरी न्यायला काही हवं असेल तर गोड पाण्यात शिजलेल्या डाळीइतकं मोल कशालाच नाही, आणि ते तर तुम्ही नेऊ शकत नाही. तेव्हा केळी न्या. मामांच्या बायकोनं, गौरव्वांनी, ज्वारीची भाकरी, भरलं वांगं आणि आमटी वाढली. आमटी घट्ट, डाळ विरघळलेली.

"तुमच्या पेटीतलं पानी हाय ह्यात," त्या म्हणाल्या. टाक्यांना गावात पेटी म्हणतात. "शाळंतल्या माठात घालून एक तांब्या मला मिळतंय. डाळीपुरतं."

"प्यायला चांगलं लागतं?"

"नुसतं? छे! सपक. पावसाच्या पान्यावानी. मी त्यात इवलंसं हिरीचं घालते, मग कसं तोंडाला लागतंय."

मी वही काढून ते लिहून घेतलं. खारं पाणी चवीपुरतं मिसळलं तर तितकं गोडं पाणी कमी काढावं लागेल; म्हणजे कोणतंही इंधन असो, खर्च कमी. ही गोष्ट आमच्या तक्त्यात नव्हती. सरांनी नाही, मी नाही, कुणीच विचारली नव्हती.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, सकाळी सातला मी टाक्यांपाशी पोतं टाकून बसले. दर तासाला टाक्यातल्या पाण्याचं तापमान आणि बाटलीतलं पाणी. नवाला काचेच्या आत धुकं धरलं. दहाला थेंब दिसू लागले. अकराला पन्हळीत बारीक धार. साडेअकराला मी मनात हिशेब केला आणि दचकले. या गतीनं संध्याकाळपर्यंत बाटली वहीतल्या आकड्याच्या दुपटीहून जास्त भरायला हवी. माझ्या घड्याळात काही चूक आहे का? मी शाळेच्या घड्याळाशी ताडून आले. चूक नव्हती.

बाराला शरणप्पा मामा आले. खांद्यावर सोलापुरी चादर, नवी, लाल-निळ्या चौकटींची, घडी न मोडलेली.

"नको मामा," मी म्हणाले, "मला पोतं पुरतं."

ते हसले. "तुमास्नी न्हाय, अक्का." आणि चादर झटकून त्यांनी ती पहिल्या काचेवर पसरली. टोकं नीट ओढली. मग भिंतीआडून आणखी चादरी आणल्या, जुन्या, ठिगळांच्या. सहाही काचा झाकल्या.

मी पोत्यावरून उठले.

"मामा, हे का?"

"ऊन लई झालं की. आता झाकायची, चारला काढायची."

"रोज?"

"रोज! चुकवीन व्हय? वहीत लिवलंय की." त्यांनी माझ्या हातातली वही उघडून बोट ठेवलं. "हे बगा. झा. झाकलं."

झाकलं.

मी वर्षभराच्या ओळींची तीनदा बेरीज केली होती. प्रत्येक ओळीच्या शेवटी ते अक्षर होतं, आणि मी ते प्रत्येक वेळी "झाले" वाचलं होतं. आम्ही कॉलेजची माणसं इथं यायचो ती अकराच्या आत यायचो, आणि परतीची गाडी गाठायला बाराच्या आधी निघायचो. झाकलेली काच आमच्यापैकी कुणी पाहिलीच नव्हती.

"पण झाकायला कुणी सांगितलं?"

"तुमीच की." त्यांना माझा प्रश्नच कळेना. "पेट्या बसवल्या तवा तुमी म्हनलाव, मामा, ह्या काचा लेकरावानी जपा. आता तुमीच सांगा अक्का, लेकराला बाराच्या उनात कोन ठिवतंय?"

मी म्हटलं होतं. अगदी याच शब्दांत. ट्रकमधून काचा उतरवताना, एक जरी तडकली तर काय होईल या धास्तीनं. ऊन पडू द्या, हे सांगायचं मला सुचलंच नव्हतं. उन्हासाठीच तर आणल्या होत्या काचा. ते काय सांगायचं, असं वाटलं असेल.

मी जाऊन पहिली चादर काढली. मग दुसरी. मामा बघत राहिले. मी त्यांना पुस्तकी भाषेत काही सांगितलं नाही. म्हणाले, "मामा, आजचा दिवस उघडी ठेवून बघू."

"तडकली तर?"

"तडकली तर माझ्यावर."

ते गेले नाहीत. दुपारभर माझ्या शेजारी बसले, आणि प्रत्येक काचेकडे अशा नजरेनं बघत होते, जणू ती आता ओरडेल. काच काही ओरडली नाही. धार जाड झाली. तीनला पहिली बाटली काठोकाठ भरली आणि दुसरी लावावी लागली. ती लावताना मामांचा हात मध्येच थांबला. मी काही न बोलता त्यांनी हिशेब केला होता.

"मंजी वरीसभर," ते हळू म्हणाले, "मीच पानी आडवलं व्हय?"

तेवढ्यात गौरव्वा पाटी घेऊन आल्या आणि उघड्या काचा बघून थांबल्या. त्यांना सगळं कळायला अर्धं मिनिट लागलं. "मी म्हनत हुते! माज्या भावानं सोलापुरातनं पाटवल्याली चादर, माज्या अंगावर कवा पडली न्हाय, आन् ह्या काचंला पांगरून निजवत हुता!"

"गप की गं."

"का गप? थंडीत कुडकुडले मी." पण हसत होत्या. चादर त्यांनी घडी करून काखेत मारली आणि परत दिली नाही.

रात्री जेवताना मामा भाकरी नुसती मोडत राहिले. "सायबास्नी काय सांगनार, अक्का? शरणप्पानं घाण केली म्हून?"

"माझ्या सांगण्यात चूक झाली, असं सांगणार."

"मंग माजं बी नाव घाला. एकलीनं कशाला बोलनी खायाची."

रविवारी आणि सोमवारी आम्ही दिवसभर काचा उघड्या ठेवल्या. झाकलेल्या दिवसांत मार्चच्या सुमाराला पाच-साडेपाच लिटर निघायचं. रविवारी तेरा निघालं, सोमवारी साडेतेरा. गाव बघायला आलं. शाळेचा माठ भरला, वर उरलं. सोमवारी गौरव्वांना दोन तांबे मिळाले. त्यांनी एक शेजारच्या बाळंतिणीकडे धाडला. मी तेच मोजपात्र, तीच वही घेऊन हिशेब पुन्हा मांडला. प्रयोगशाळेत एक लिटर गोड्या पाण्याला साधारण एक किलो लाकूड जात होतं. एक लिटर रॉकेलवर पाचेक लिटर पाणी निघत होतं. हे बदललं नव्हतं. बदलला होता फक्त उन्हाचा रकाना. काच आणि सिमेंटचा तोच खर्च आता अडीचपट पाण्यावर वाटला जात होता. ऊन रॉकेलच्या खाली आलं. लाकडाच्या खाली नाही, अजून नाही. पण इथं लाकूड म्हणजे तुराट्या आणि करडईची काटं, आणि ती पावसाळ्यात मिळत नाहीत. पावसाळ्यात ऊनही मिळत नाही, हेही मी लिहिलं. एका बाजूनं लिहायचं नव्हतं.

मुख्याध्यापकांना पत्र दिलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी सांगितलेलं काम न करता परतत होते. मंगळवारी पहाटे मामांनी दुधनीपर्यंत गाडी जुंपली. चहाला त्यांनी पैसे देऊ दिले नाहीत. दुधनी स्टेशनाबाहेरची भजी गरम असतील तर सोडू नका. मी मात्र पुडी तशीच पिशवीत ठेवली. माझी नेमणूक जूनपर्यंतची, पुढच्या वर्षाचं सरांच्या एका सहीवर. गाडीत मी बोलायचं वाक्य पाठ केलं, बोरोटीला बदललं, होटगीला परत पहिलं केलं.

सोलापूरला उतरून घरी न जाता कॉलेजात गेले. सर टेबलाशी बसले होते. टाइप केलेला अहवाल त्यांच्यासमोर, पाकिटात घालायचा राहिलेला.

"काचा कुठं आहेत?"

"जागेवरच सर." आणि पाठ केलेलं सगळं विसरून मी वही त्यांच्यासमोर उघडली. चादर, बाराची वेळ, माझं वाक्य, गौरव्वांचं खारं पाणी मिसळणं, सगळं सांगितलं. "चूक माझी आहे सर. 'झा' मला दिसलं होतं. मी 'झाले' वाचलं. विचारलं नाही."

सरांनी वही जवळ ओढली. पानं उलटली. एक, दोन, पाच, दहा. मग चष्मा काढला.

"मीही वाचलं होतं," ते म्हणाले. "मला वाटलं, 'झाडले'. काच झाडून पुसली."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. सरांना हसताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. हसू लवकर गेलं.

"दोन दिवस मोजलंस. दोन दिवसांवर वर्ष मांडता येतं का?"

"नाही सर."

"मार्चचं ऊन डिसेंबरला मिळतं का?"

"नाही सर."

"मग हे मी ऑफिसात पाठवू शकत नाही." त्यांनी टाइप केलेला अहवाल उचलला आणि मला वाटलं तो माझ्या हातात देतील. त्यांनी तो खणात टाकला. "आणि हेही पाठवू शकत नाही. वर्षभर परत मोजायचं, उघड्या काचेनं. महिन्यातनं एकदा तू जायचंस आणि दुपारच्या गाडीनं पळून यायचं नाही, दिवसभर बसायचं. खारं पाणी मिसळायचं ते काय म्हणत होतीस? त्याचाही रकाना घाल."

"माझी नेमणूक जूनपर्यंत आहे सर."

"ते मला माहीत आहे," सर म्हणाले आणि दुसरा कागद पुढं ओढला. जूनचं ते काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. पण मोजणीच्या नावांत त्यांनी माझ्या नावाखाली शरणप्पांचं नाव लिहिलं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट.

पुढच्या आठवड्यात मी चिकहळ्ळीच्या शाळेच्या पत्त्यावर एक पोस्टकार्ड टाकलं. काय करायचं, काय नाही, दोन्ही लिहिलं. काच पुसायची. काच झाकायची नाही. गारा पडल्या तरच झाकायची, आणि झाकली तर पूर्ण शब्द लिहायचा.

तिकडं जायचं मनात असेल तर मार्चमध्ये जा. शाळेमागं टाकी दिसतील. राखण करणारे मामा दाखवतील, आणि दाखवताना तुमच्या सावलीलाही काचेवर पडू देणार नाहीत. मी काय आणलं म्हणाल, तर उन्हाचा भाव आणला, तोही अपुरा. घरी येऊन नवा तक्ता आखला. उभ्या चार ओळी: लाकूड, रॉकेल, ऊन, मिसळलेलं खारं पाणी. आडवे बारा महिने. उन्हाच्या ओळीत मार्चच्या चौकटीत तेरा आणि साडेतेराची सरासरी पेन्सिलीनं लिहिली, शाईनं नाही. बाकीच्या अकरा मोकळ्या ठेवल्या.